मेंबरला पाजलेलं तेल

मला माझ्या सुनेचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला थोर वगैरे समजायला नको. सासू-सुनेचं बिनसलं तर त्याला जग हसतं आणि विसरतं. सासरा सुनेवर जळतो म्हटलं की लोकांना काय बोलावं तेच कळत नाही. मलाही पुष्कळ दिवस कळत नव्हतं.

मी जनावरांचा डॉक्टर. सगळी नोकरी नगर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत झाली, त्यातली बरीचशी नेवासा तालुक्यात. निवृत्त झाल्यावर घोडेगावजवळ रस्त्याला लागून घर बांधलं. पुढच्या दोन खोल्या मुद्दाम मोठ्या काढल्या, कारण तिथे मी स्वतःचा दवाखाना थाटणार होतो. थाटला तो अश्विनीने. ती माझ्या मुलाची बायको, आणि तीही जनावरांचीच डॉक्टर, पण कुत्र्या-मांजरांची. माझी खुर्ची तिथे खिडकीशी अजून आहे. तिच्यात बसून मी वर्तमानपत्र वाचतो. वाचतो म्हणजे समोर धरतो आणि पलीकडचं सगळं ऐकतो.

गाईम्हशींच्या डॉक्टरकीत एक थाट असतो. समजा, गाय नुकती व्यालेली आहे आणि आडवी पडली आहे. कान गार, मान पोटाकडे वळलेली. घरातली बाई पदर डोळ्याला लावून उभी. अंगातलं कॅल्शियम एकदम दुधात गेल्याने हे होतं. शिरेतून कॅल्शियमची बाटली सोडायची. ती संपत आली की गाय थरथरते, शेण टाकते आणि धडपडत उठून उभी राहते. वाडी-वस्तीवरची माणसं सभोवार उभी असतात. त्या क्षणी तुम्ही डॉक्टर नसता, देव असता. असा देव मी किती वेळा झालो, त्याची मोजदाद नाही. घोडेगावच्या बैलबाजारात मी शिरलो की दावणीवरचे व्यापारी बसल्या जागेवरून उठायचे.

तेव्हा कुत्रं म्हणजे पिसाळू नये म्हणून टोचायच्या लशीपुरतं. आमच्यातला कुणी कुत्र्यांत रमला तर त्याला आम्ही चिडवायचो. आता ऊस आला, बंगले आले, आणि बंगल्यामागून लॅब्राडोर आले. ती माणसं अश्विनीला कुत्र्याच्या वाढदिवसाचा केक आणून देतात. कुत्र्याचे फोटो पाठवतात. मी बरी केलेली गाय पुढे तीन वेतं दूध देऊन गेली, पण तिचा फोटो मला कुणी पाठवला नाही. वांगी मात्र पिशवीभर यायची.

मला खरं टोचलं ते एका गुरुजींच्या पिंकीने. पिंकी म्हणजे पांढरी, केसाळ, पोळीसारखी गोल झालेली कुत्री. गुरुजी आणि बाई दोघंही शिक्षक. मूलबाळ शिकायला बाहेर, त्यामुळे सगळा जीव पिंकीत. चतुर्थीला घरात उपास, म्हणून पिंकीलाही साबुदाणा वडे. बाई कौतुकाने सांगत होत्या, "मॅडम, कालपासून खात नाही, उलट्या करते. पण बघा ना, तशातही देवाला नमस्कार करते. आम्ही व्हिडिओ काढलाय."

अश्विनीने व्हिडिओ पाहिला. पिंकीने पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवले होते आणि मागचा भाग वर ठेवला होता. चुलीत फुंकर घालायला वाकावं तशी. अश्विनी हळूच म्हणाली, "बाई, हा नमस्कार नाही. तिचं पोट दुखतंय. असं वाकलं की ताण जरा कमी होतो."

तिने रक्ताचे दोन थेंब घेऊन किटवर टाकले, पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि सांगितलं की स्वादुपिंडाला सूज आहे. बाईंना तिने ते ज्या पद्धतीने समजावलं, ती पद्धत मी तुमच्यासाठी तशीच उचलतो, कारण माझ्याजवळ याहून चांगली नाही. जठराच्या मागे एक फिकट, लांबट ग्रंथी असते. अन्न पचवणारे रस ती तयार करते. ते रस आतड्यात पोचल्यावरच कामाला लागायचे असतात. कधी काही बिघडतं आणि ते ग्रंथीतच जागे होतात. मग ती ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. भयंकर दुखतं. लठ्ठ, उतारवयाकडे झुकलेली कुत्री, तेलकट-तुपकट खाणं, नंतर उलट्या, वाकलेली पाठ, हे सगळं जुळलं की मनात पहिली शंका हीच यायला हवी. उपाय म्हणजे सलाईन, दुखणं थांबवणारी इंजेक्शनं, उलटी थांबवणं, आणि उलटी थांबली की लवकरच थोडं थोडं बिनतेलाचं खाणं. पुढे जन्मभर तूप-तेल बंद.

पिंकी चार दिवसांत बरी झाली. गुरुजी जाताना माझ्याही पाया पडले, पण ते वयाला होतं.

त्या दिवशी जेवताना अश्विनी म्हणाली, "आबा, तुमच्याकडेही कुणी असं कुत्रं घेऊन आलं तर काय काय बघायचं, सांगू का?" मनापासून विचारलं होतं तिने. माझ्या चौकशीमागचं तिला कळत असणार. मी आडून आडून तिला विचारत असे, आणि उत्तर आलं की आपल्याला ते ठाऊकच होतं असा चेहरा करत असे. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, "हे आम्हाला पहिल्या वर्षाला होतं." होतं की नव्हतं ते आता आठवत नाही. बैलाला ते दुखणं सहसा होत नाही, म्हणून आयुष्यभर त्या ग्रंथीशी माझी गाठ पडली ती फक्त शवविच्छेदनात. पण सुनेकडून शिकायचं म्हणजे काय? मी विषय ऊसतोडीवर नेला.

त्यानंतर महिन्याभराने गेनूभाऊ आला.

गेनूभाऊ बैलांचा व्यापारी. माझ्या उमेदीपासूनचा माझा माणूस. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणाऱ्यांतला, म्हणजे एकदा बोट दाबलं की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. त्याच्याकडे एक दांडगा गावरान कुत्रा होता. ग्रामपंचायतीच्या पायरीवर जाऊन बसायचा म्हणून गावाने त्याचं नाव मेंबर ठेवलेलं. गेनूभाऊची बायको गेल्यापासून घरात तो आणि मेंबर असे दोघंच. लेक-सून पुण्याला. बैलं बाजाराला निघाली की मेंबर पुढे आणि गेनूभाऊ मागे.

अश्विनी त्या दिवशी नगरला गेली होती. गेनूभाऊने टेम्पोतून मेंबरला उतरवलं आणि दारातूनच हाक मारली, "डॉक्टर, हाय का घरात?"

डॉक्टर म्हणजे मी. किती दिवसांनी ती हाक माझ्यासाठी होती. मी पेपर ठेवून उठलो, तेव्हा गुडघासुद्धा दुखला नाही.

"मॅडम नाही आज," मी आपलं खडा टाकून पाहिला.

"नसू द्या की," तो म्हणाला. "माजी बैलं तुमीच बघितली. ह्यो बी तुमीच बघा. सूनबाई हुशार असंल, पर आमचा इश्वास तुमच्यावं."

आता सांगा, यानंतर कोण फोन लावून सुनेला विचारेल?

दोन दिवसांपूर्वी नातवाच्या नवसाची कंदुरी झाली होती, असं त्याने सांगितलं. कंदुरी म्हणजे पिराला बोकड आणि मग गावजेवण. आमच्या भागात हिंदूंच्या घरीही ती होते. बोकड चांगलाच माजलेला होता. मटण माणसांनी खाल्लं, आणि साफ करताना काढलेली चरबीची पाटी मेंबरसमोर ठेवली गेली. लाडाचा कुत्रा, त्याचाही सण. काल सकाळपासून तो ओकत होता आणि पोटाला हात लावू देत नव्हता.

मी हात लावला. पोट लाकडासारखं ताठ. पाठ कमानीसारखी वर आलेली. पिंकीचा व्हिडिओ मी पेपराआडून पाहिला होता. पण मेंबर काही वाकून नमस्कार करत नव्हता, आणि माझं डोकं बैलाच्या पोटात अडकलेलं. मला दिसली ती पोटफुगी. बैलाला पोटफुगी झाली की आम्ही गोडंतेल पाजतो. फेस मोडतो, वारा सरतो, बैल मोकळा होतो. हजार बैलांना मी पाजलं असेल.

आतून शेंगदाण्याच्या तेलाची वाटी आणली, त्यात हिंग घातला. गेनूभाऊने तोंड धरलं आणि मी गालफडातून तेल सोडलं. दोनदा ठसका लागला. ठसका लागला की थांबायचं आणि मान खाली सोडायची, हे मी नवख्या लोकांना ओरडून शिकवलेलं आहे. स्वतः मात्र वाटी संपवली. चरबीने सुजलेल्या स्वादुपिंडावर मी वाटीभर तेल ओतलं, आणि गेनूभाऊला सांगितलं, "उद्या पळायला लागेल."

रात्री अश्विनीने विचारलं, "आज कुणी आलं होतं का, आबा?" मी म्हणालो, "असंच, जुनं माणूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंबरला चादरीत घालून आणावं लागलं. कान गार, हिरड्या कोरड्या, डोळे आत गेलेले. या खेपेला गेनूभाऊने कुणालाच हाक मारली नाही. अश्विनीनेच पुढे होऊन चादर धरली. तिने पोट दाबलं, पाठ पाहिली, रक्त किटवर टाकलं, सलाईन लावलं. सगळं झपाट्याने. हात थांबले नाहीत पण तोंडाने विचारणं चालू होतं.

"काय खाल्लं होतं?"

"कंदुरीची चरबी."

"किती?"

"पाटीभर असंल."

"मग घरी काही औषध? काही पाजलं?"

गेनूभाऊने माझ्याकडे पाहिलं. मी पेपराकडे पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "काय न्हाई पाजलं."

माझ्या अब्रूसाठी तो खोटं बोलला. आणि मी ते बोलू दिलं.

दुपारी बाराच्या सुमारास मेंबरचा श्वास जलद झाला. बरगड्या भात्यासारख्या वरखाली होऊ लागल्या. अश्विनीने छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "सलाईन जास्त झालं का? फुफ्फुसात पाणी येतंय बहुतेक." तिने सलाईनचं चाक फिरवून थेंब कमी केले.

तिचं काही चुकत नव्हतं. तिच्याजवळ जेवढी माहिती होती तेवढ्यावर कुणीही तेच केलं असतं. पण ते पाणी नव्हतं, ते माझं तेल होतं. ठसक्याबरोबर ते फुफ्फुसात गेलं होतं आणि तिथे सूज आणत होतं. आणि स्वादुपिंड सुजलेल्या कुत्र्याला तर सलाईन भरपूर हवं. ते कमी केलं म्हणजे त्याचं रक्त आणखी आटणार. मला हे सगळं त्या एका क्षणात दिसलं. चाळीस वर्षांची डॉक्टरकी काही वाया जात नाही.

तरी मी बोललो नाही.

का नाही, ते लिहायला लाज वाटते पण लिहितो. एक तर तोंड दाखवायची भीती. दुसरं त्याहून वाईट. मनात कुठेतरी वाटत होतं की हिचीही एक केस जाऊ दे. हीही एकदा हरू दे. मग संध्याकाळी आम्ही दोघं एका पातळीवर बसून चहा पिऊ. मी तिला सांगेन, होतं असं, बेटा, आमचंही व्हायचं. किती गोड वाटलं ते मला, काय सांगू. समोर मेंबर धापा टाकत होता आणि मी हे चघळत होतो.

तासभर गेला असेल. अश्विनीने पुन्हा हिरड्या दाबून पाहिल्या, दाबलेल्या जागी रंग लवकर परतेना, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ती पुस्तक काढून उभ्याउभ्या पानं चाळू लागली. तिला असं पुस्तकात शोधताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गेनूभाऊ माझ्या खुर्चीजवळ येऊन उकिडवा बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, म्या एकदा न्हाई म्हनून बसलोय. सौदा झाल्यावानी हाय ते. माजी जीभ आता उलटायची न्हाई." मग मेंबरकडे पाहिलं. "तुमची उलटत असंल तर बघा. घरी दुसरं कोन न्हाई मला."

रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्यावर रागावलासुद्धा नाही.

मी उठलो. पुस्तकावर हात ठेवून अश्विनीला म्हणालो, "काल मी त्याला तेल पाजलं. वाटीभर. शेंगदाण्याचं."

मला वाटलं होतं ती निदान बघेल तरी माझ्याकडे. तिने टेबलावरचा केसपेपर ओढला.

"किती वाजता?"

"अकराच्या सुमारास."

"पाजताना ठसका लागला?"

"दोनदा."

"लागल्यावर थांबलात?"

"नाही."

तिने तीन ओळी लिहिल्या. कुत्र्याच्या कुठल्याही मालकाला विचारावं तसं तिने मला विचारलं होतं, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. मग चाक फिरवून थेंब पुन्हा वाढवले, फुफ्फुसासाठी वेगळं इंजेक्शन काढलं आणि म्हणाली, "आबा, ऑक्सिजनचा सिलेंडर आणायला मदत करा. आणि त्याला या कुशीवर नका झोपवू, त्या कुशीवर झोपवा." मी मदतनीसासारखा पळालो. नळी धरून दुपारभर जमिनीवर बसलो. गेनूभाऊ पलीकडून मेंबरचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. संध्याकाळपर्यंत मेंबरचा श्वास जरा खाली आला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, त्यात फुफ्फुसाच्या खालच्या भागावर पांढरा डाग होता. तो अश्विनीने मला दाखवला नाही. मीच जाऊन पाहिला.

मेंबर जगला. नऊ दिवस तो आमच्याकडे होता. तिसऱ्या दिवशी त्याने चमचाभर भात खाल्ला, मऊ शिजवलेला, कातडी काढलेल्या कोंबडीच्या उकडलेल्या तुकड्यांबरोबर. तो भात मीच शिजवायचो. पुढे गेनूभाऊने घरात कढईच बंद केली, कारण स्वतः भजी खायची आणि कुत्र्याला पुढ्यात कोरडा भात द्यायचा हे त्याला जमेना. "आता आमी दोगंबी पथ्यावं हाय," असं तो बाजारात सांगतो. पण मेंबरला पूर्वीचा दम राहिला नाही. बैलांच्या पुढे धावणारा तो कुत्रा अर्ध्या वाटेत बसतो आणि गेनूभाऊ त्याच्यासाठी थांबतो. तो डाग स्वादुपिंडाचा नव्हे, माझा आहे.

मी वाट बघत होतो की अश्विनी हे घरात कधी काढते. मुलाजवळ तरी बोलेल, माहेरी फोनवर तरी बोलेल. भिंतीआडून ऐकण्यात मी तयार आहेच. आठवडा गेला, महिना गेला. एक अक्षर नाही. एकदा मुलगा म्हणाला, "मेंबर वाचला म्हणे, भारी केस होती." ती म्हणाली, "आबांनी नेमकी माहिती दिली म्हणून वाचला." खरं तेच बोलली, फक्त अर्धं बोलली.

त्या रात्री मला आमच्या नोकरीतला, डॉक्टरच्या हाताखाली काम करणारा एक पशुधन पर्यवेक्षक आठवला. साधा, घाबरट माणूस. एकदा म्हशीला औषध पाजताना ते श्वासनळीत गेलं आणि म्हैस जागेवर गेली. रडत माझ्याकडे आला होता तो. मी त्याला धीर दिला, चहा पाजला, आणि दुसऱ्या बाजाराला दावणीवर बसून ती गोष्ट नकला करून सांगितली. व्यापारी पोट धरून हसले. मग दर बाजाराला फर्माईश व्हायची. पुढे त्याला गावात कुणी जनावराला हात लावू देईना, तेव्हा त्याने बदली मागून घेतली. निरोपाला मीच हार घातला होता.

तेव्हापासून माझा हेवा जागा बदलून बसला आहे. अश्विनीचं किट, तिची सोनोग्राफी, तिचे केक यांचं आता फारसं काही वाटत नाही. ते सगळं ती शिकली आहे, आणि एकाने शिकलेलं दुसऱ्यालाही शिकता येतं. पण माझी चूक हातात सापडलेली असताना ती गप्प कशी बसली, हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलं? तिच्या जागी मी असतो तर नेवाशापासून श्रीगोंद्यापर्यंत कुणाला ऐकवायचं ठेवलं नसतं. या गप्प बसण्याचा मला इतका हेवा वाटतो की कधी कधी तिच्याशी बोलवतही नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो तिला वाचायला दिला. तिने तो टेबलाशी उभ्यानेच वाचला, मधे एका मांजराला लस टोचली, पुन्हा वाचला. मग म्हणाली, "आबा, चांगला झालाय. पण तेलाचं काढून टाका. त्याच्याशिवायही कळतो. लोकांना कशाला सांगायचं?"

मी म्हटलं, बघतो.

बघितलं. तेल काढून टाकलं असतं तर माझी अब्रू तिने दुसऱ्यांदा वाचवली असती, आणि तो मोठेपणाही पुन्हा तिच्याच वाट्याला गेला असता. एवढा एक तरी मला माझ्याकडे हवा होता, म्हणून राहू दिलं.